थिबाचा वाडा सजवायचा की सांगायचा?

पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की रत्नागिरीत थिबा राजवाड्यावरून एक ठरलेला वाद रंगतो. एका बाजूचं म्हणणं असं की वाड्याभोवती हिरवळ करा, कारंजी बसवा, रात्री रोषणाई करा, लग्नाआधीच्या फोटोंना परवानगी द्या, म्हणजे गणपतीपुळ्याला निघालेली गाडी इथे दोन तास थांबेल. दुसरी बाजू विचारते, ब्रह्मदेशच्या कुठल्याशा पदच्युत राजासाठी आपल्या कराचा पैसा कशाला? त्यापेक्षा किल्ल्यांचे ढासळते बुरूज सावरा. दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलतात, आणि हे एका राजाच्या वैभवाचं स्मारक आहे एवढं मात्र दोघंही धरून चालतात. घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. भाट्याच्या खाडीवर नजर ठेवून उभी असलेली ही देखणी इमारत इंग्रज सरकारनं एका कैद्याला ठेवण्यासाठी उभी केली. ती कैदेची जागा म्हणूनच लोकांना दाखवली पाहिजे आणि तिचं आवारही त्याच हिशेबानं राखलं पाहिजे, असं माझं मत आहे. त्याला कारंजी लागत नाहीत. पैसा मात्र लागतो, आणि तो आपणच घालायला हवा.

आधी साधा काळाचा हिशेब करू. थिबा ब्रह्मदेशची राजधानी मंडाले इथल्या गादीवर आला १८७८ साली, विशी नुकतीच गाठत असताना. सात वर्षांत गादी गेली. निमित्त झालं सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीनं जंगलातून नेलेल्या ओंडक्यांचा पुरता मोबदला दिला नाही असं म्हणत ब्रह्मी दरबारानं तिला जबर दंड ठोठावला, इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला, आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये जेमतेम दोन आठवड्यांत युद्ध आटोपलं. २९ नोव्हेंबरला राजा-राणीला मंडालेतून बाहेर काढलं. १ जानेवारी १८८६ ला वरचा ब्रह्मदेश खालसा झाल्याचं जाहीर झालं. कुटुंबाला आधी मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा थिबा २७ वर्षांचा होता. तो वारला डिसेंबर १९१६ मध्ये, इथेच. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ तो रत्नागिरीत होता, आणि ज्या इमारतीला आपण त्याचं नाव दिलं ती राहण्याजोगी झाली १९१० मध्ये. त्याआधीची चोवीस वर्षं सरकारनं दिलेल्या बंगल्यांत गेली. तनखा अपुरा आहे, घर अपुरं आहे, अशा अर्जांमागून अर्ज करण्यात गेली. वाड्यात त्याला मिळाली सहा वर्षं. धाकटी राणी सुपयागले तर दोनच वर्षांत, १९१२ मध्ये वारली.

हा हिशेब मांडला की इमारतीकडे बघण्याची नजरच बदलते. दर्शनी भागाचा डौल, वरच्या मजल्यावरच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांचं कोरीव लाकूडकाम, दिवाणखान्याची संगमरवरी फरशी हे सगळं खरंच सुंदर आहे. पण ते सरकारनं मंजूर केलेल्या आराखड्यातलं आणि मंजूर केलेल्या खर्चातलं सौंदर्य आहे. वाड्यातलं सागवान ब्रह्मदेशातून आणलं होतं असं रत्नागिरीत सांगतात. तसं असेल तर सागवानापायी राज्य गमावलेल्या माणसाला त्याच्याच मुलखाच्या सागवानाच्या छताखाली कोंडण्यात आलं. मालकीचं घर आणि कैदेचं घर बाहेरून सारखं दिसू शकतं. फरक असतो तो फाटकाशी. थिबाला आवाराबाहेर पडायचं तर अधिकाऱ्याची परवानगी लागे, सोबत पहारा असे, आणि घरखर्चाच्या हिशेबात राजकीय अधिकाऱ्याचं नाक खुपसलेलं असे.

आणि रत्नागिरीच का? मद्रास, कलकत्ता, पुणे अशी मोठी ठिकाणं असताना हे बंदर का निवडलं? कारण इथे येणं अवघड आणि इथून निसटणं त्याहून अवघड. रेल्वे नव्हती, ती कोकणात पूर्ण धावायला १९९८ उजाडावं लागलं. मागे सह्याद्रीचे घाट, पुढे समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद. ब्रह्मदेशातल्या बंडखोरांचा निरोप राजापर्यंत पोहोचण्याचा धोका अशा गावात सगळ्यात कमी. आज आपण पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला जो निसर्ग विकतो, तो तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस, तो खाडीच्या तोंडाशी पसरलेला समुद्र, तो डोंगरांनी अडवलेला मुलूख, तोच त्या वेळी तुरुंगाचा कोट होता. थिबा पॉइंटवर उभं राहून सूर्यास्ताचे फोटो जरूर काढावेत. पण त्या देखाव्याचा मूळ उपयोग काय होता हे कुणी सांगितलंच नाही, तर पाहुण्याला अर्धाच देखावा दाखवला असं होतं.

आता समोरच्यांचं बळकट म्हणणं घेऊ, कारण ते खरंच बळकट आहे. पर्यटनवाले म्हणतात, तुमची तत्त्वं ठीक, पण रिक्षावाल्याचं काय, कोकम सरबत आणि आंबापोळी विकणाऱ्या बाईचं काय, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या कुटुंबाचं काय? मुलं मुंबईला जाऊन चाळीत आणि आता वसई-विरारच्या इमारतींत राहिली, घरं कुलपात गेली, या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा मनीऑर्डरीचा इतिहास ज्याला माहीत आहे त्यानं या प्रश्नाला नाक मुरडू नये. शिवाय उत्सव-कार्यक्रमांनी वास्तू जिवंत राहते हेही खरं. याच वाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो. रात्रीच्या गारव्यात, मागे तो दर्शनी भाग उजळलेला, समोर सतरंज्यांवर आणि खुर्च्यांवर बसलेलं गाव. एरवी वाड्याकडे न फिरकणारी कितीतरी रत्नागिरीकर घरं त्या निमित्तानं आत पाऊल टाकतात. मला या महोत्सवात काहीही वावगं दिसत नाही. गाणं संपतं, मांडव निघतो, वाडा होता तसा राहतो.

हिरवळ आणि कारंजं तसं निघून जात नाही. सरकारी सुशोभीकरणाचा साचा आता रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पाठ झालेला आहे. मातीवर सिमेंटचे पेव्हर, कडेनं ड्युरांटाची पिवळी किनार, मध्ये लॉन, चार पाम, रंग बदलणारे दिवे, आणि गावाच्या नावाची ठळक अक्षरं, ज्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायचा. तलाव असो, किल्ल्याचा पायथा असो, की बसस्थानक असो, साचा तोच. मुळात कोकणात लॉन जगवणं हाच अट्टहास आहे. कातळावरची वीतभर माती, चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं. मे महिन्यात गावात पाण्यासाठी टँकरची वाट बघायची आणि टेकडीवर गवताला फवारे लावायचे, याचं समर्थन ग्रामसभेत उभं राहून कोण करणार आहे? वाडा ज्या जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाचा, त्या जांभ्याची गोष्ट तर त्याहून नाजूक. जांभा सच्छिद्र, ओल पितो आणि उन्हात ती सोडतो. त्याला चुन्याचा गिलावा सोसतो, कारण चुनाही श्वास घेऊ देतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसांत चिऱ्याचा पृष्ठभाग पापुद्रे धरून सुटायला लागतो. मग त्या पडझडीला पुन्हा सिमेंट. भिंतीत भोकं पाडून लावलेले दिवे आणि पायाशी सतत उडणारं कारंज्याचं पाणी या दगडाला काय करील, हे कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारा. तो हसेल.

मग आवारात काहीच करू नये का? करावं, आणि नीट करावं. बाग हा राजवाड्याच्या भेटीचा अर्धा भाग असतो, तो विनोदानं घेण्याचा विषय नाही. नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर ज्या लाँगवुड घरात ठेवलं होतं, तिथे त्यानं १८१९-२० मध्ये स्वतः उभं राहून बाग करवून घेतली. त्या बागेतल्या काही वाटा त्यानं जमिनीखाली खोल घेतल्या, का, तर चालताना इंग्रज पहारेकऱ्यांना आपण दिसू नये म्हणून. फ्रान्सनं ते घर १८५८ मध्ये विकत घेतलं आणि आजही बागेची ही कहाणी तिथे येणाऱ्याला कळते. फुलझाडं बघता बघता माणसाला कळतं की पहाऱ्यातला माणूस बाग कशासाठी करतो. लखनौहून हाकललेल्या अवधच्या नवाब वाजिद अली शाहनं कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला बागा, पिंजरे, प्राणी यांचं एक नकली लखनौच वसवलं होतं. तो १८८७ मध्ये वारला आणि बघता बघता ते सगळं मोडून विकलं गेलं, आज तिथे शोधायला गेलात तर इमामबाड्यापलीकडे फारसं हाती लागत नाही. बागेचं असं असतं. भिंत शंभर वर्षं दुर्लक्ष सोसते, बाग दहा वर्षांत नाहीशी होते.

थिबाच्या आवारात नेमकी कुठली झाडं होती याचे तपशील जुन्या सरकारी पत्रव्यवहारातून आणि छायाचित्रांतून शोधता येतील. आधी तो शोध घ्यावा, मग खड्डे खणावेत. आणि जिथे पुरावा सापडणार नाही तिथे कोकणी परसाचं शहाणपण वापरावं. सुरंगी, बकुळ, उंडी, नागचाफा, रातांबा, फणस. ही झाडं पहिली तीन-चार वर्षं सांभाळली की पुढे टँकर मागत नाहीत. मार्चमध्ये सुरंगी फुलली की तिचा वास फाटकापर्यंत येतो, पाहुण्याला बोलवायला रंगीत दिवे लागत नाहीत. जांभ्याचे गडगे, पाणी मुरू देणारी मातीची वाट, झाडाखाली बसायला चिरेबंदी कट्टा. म्हाताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीला जमेल असा उतार आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवंच, त्यावर वाद घालणाऱ्यानं आपल्या आईला घेऊन एकदा भर उन्हात तिथे जाऊन यावं.

दुसऱ्या बाजूकडे वळतो. ‘परका राजा’ हा आक्षेप वरवर वाटतो तितका उथळ नाही. थिबा काही प्रजेचा कैवारी नव्हता. गादीवर येताच, १८७९ च्या फेब्रुवारीत, राजघराण्यातल्या ऐंशीच्या आसपास नातलगांची कत्तल झाली. त्यात त्याच्या सासूचा आणि मंत्र्यांचा हात मोठा होता असं मानलं जातं, पण रक्त त्याच्या राजवटीच्या नावावर आहे. अशा माणसासाठी गळा काढायचा? शिवाय त्याची कैद म्हणजे काही सेल्युलर जेलमधला कोलू नव्हे. नोकरचाकर होते, तनखा होता, मुलींच्या कान टोचण्याचे सोहळे झाले. त्याच रत्नागिरीच्या तुरुंगात सावरकरांना कोठडीत ठेवलं होतं आणि पुढे १९२४ ते १९३७ ते याच गावात स्थानबद्ध होते. दोन्ही कैदा एका मापानं मोजता येणार नाहीत.

मान्य. पण कैदेची जागा राखण्यासाठी कैदी पुण्यवान असावा लागतो, हा नियम कुणी केला? आणि मऊ कैद दाखवण्याची गरज तर उलट जास्त आहे, कारण ती फसवी असते. इंग्रजांनी हिंदुस्थानभर हेच तंत्र वापरलं. राज्य घ्यायचं, तनखा द्यायचा, गाव बदलायचं, आणि राजाला त्याच्याच लोकांच्या नजरेआड म्हातारं होऊ द्यायचं. दुसऱ्या बाजीरावाला १८१८ मध्ये आठ लाखांचा तनखा देऊन पुण्याहून उचललं आणि गंगेकाठी बिठूरला नेऊन ठेवलं. तो तिथेच १८५१ मध्ये वारला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये काशीला धाडलं, ते परत आलेच नाहीत. बहादूरशाह जफरला दिल्लीहून रंगूनला नेलं, १८६२ मध्ये तो वारल्यावर त्याची कबर ओळखू येऊ नये अशा बेतानं पुरलं, ती जागा नक्की सापडायला १९९१ साल उजाडलं. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशचा राजा कोकणात. या अदलाबदलीत एक सरळ धोरण आहे आणि थिबाचा वाडा हा त्या धोरणाचा भारतात उभा असलेला सगळ्यात धडधाकट पुरावा आहे. बिठूरचा पेशव्यांचा वाडा १८५७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी उद्ध्वस्त केला. त्याच्या नावानं मराठी माणूस आजही हळहळतो. मग जो वाडा उभा आहे त्याच्याबद्दल ‘आपला काय संबंध’ हे आपल्या तोंडी शोभतं का?

संबंध तर असा आहे की रत्नागिरीकरानं तो मोठ्यानं सांगावा. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना इंग्रजांनी १९०८ मध्ये शिक्षा ठोठावून कुठे पाठवलं? मंडालेला. थिबाच्या राजधानीत. १९१४ पर्यंत ते तिथे होते. म्हणजे १९०८ ते १९१४ या काळात रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैद होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. एकाच साम्राज्यानं दोघांच्या जागा ठरवल्या होत्या. मंडालेतल्या टिळकांच्या बंदिवासाची आठवण तिथल्या लोकांनी जपावी असं आपल्याला वाटतं ना? रंगूनला जफरच्या मजारीवर भारताचे पंतप्रधान जाऊन आदरांजली वाहतात आणि त्या देशानं ती जागा सांभाळली याचं आपल्याला बरं वाटतं. मग २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीपुढे उभे राहिले, तेव्हा यजमान म्हणून आपली बाजू काय होती, हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नसावी.

आणि परकेपणाचं म्हणाल तर थिबाचं घराणं इथे पुरतं परकं राहिलंच नाही. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली, पण थोरली राजकन्या अखेर रत्नागिरीतच राहिली. पहाऱ्यावरच्या एका स्थानिक माणसापासून तिला मुलगी झाली. ती मुलगी, टूटू, मराठी बोलत, मराठी संसार करत, हातावर पोट असलेल्या घरात जगली आणि २००० साली रत्नागिरीतच वारली. मंडालेच्या सिंहासनाची नात आपल्या गावात चूल फुंकत होती आणि टेकडीवर तिच्या आजोबांच्या नावाचा वाडा सरकारचा होता. ज्या गावानं या घराण्याला पहारेकरी दिले, नोकर दिले, सावकार दिले आणि शेवटी नातं दिलं, त्या गावाला हा इतिहास परका कसा?

पर्यटनवाले यावर शेवटचा हुकुमाचा पत्ता काढतात. कैदखाना म्हणून दाखवलात तर बघायला कुत्रं येणार नाही, लोक सुट्टीत रडायला येत नाहीत. हा पत्ता मला मुळीच हुकुमाचा वाटत नाही. मराठी कुटुंबं विमानाची तिकिटं काढून अंदमानला जातात ती फक्त समुद्रकिनाऱ्यांसाठी? तिथे सेल्युलर जेलच्या कोठडीपुढे उभं राहून मुलांना सांगणारे आईबाप आपल्याच घरातले असतात. त्याहून जवळचं उदाहरण पुण्याचं. आगाखान पॅलेस १८९२ मध्ये बांधला गेला तेव्हा तो खरोखरच धनाढ्याचा महाल होता. कमानी, सज्जे, ऐसपैस बाग, सगळं होतं आणि आहे. पण १९४२ ते १९४४ तिथे गांधीजी कैदेत होते, महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथेच गेल्या, आणि १९६९ मध्ये ती वास्तू देशाला मिळाल्यावर आपण तिचं काय केलं? बागेत समाध्या राखल्या, आत त्यांच्या खोल्या राखल्या. महाल कैदखाना म्हणून दाखवता येतो, लोक तो तसा बघायला येतात, आणि बागेत सकाळी फिरणारी माणसं असली तरी त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. हे पुण्याला जमतं ते रत्नागिरीला का जमू नये?

उलट आज काय होतं ते सांगतो. मुंबईहून आलेलं एक कुटुंब वाड्याच्या दिवाणखान्यात फिरत होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलानं फरशीवर पाय घसरवत विचारलं, “बाबा, या राजाचा किल्ला कुठाय?” बाबांनी जराही न अडखळता हात भगवती किल्ल्याच्या दिशेनं केला. “तो बघ, तिकडे.” आईनं दुजोरा दिला, मुलाचं समाधान झालं, तिघं खाली उतरून गाडीत बसले. मला त्या बाबांना हसावंसं वाटलं नाही. राजवाडा म्हटल्यावर किल्ला, घोडे, तलवार हे ओघानं आलंच. त्यांच्यासमोर आपण राजवाडा ठेवला, त्यांनी त्याला शोभेलसा इतिहास जोडला. तिथे कारंजं असतं तर त्यांनी कारंज्यात राजकन्यांना न्हायला घातलं असतं.

एक सूचना अधूनमधून येते ती याच वळणाची आहे, पण तिचा स्वतंत्र समाचार घ्यायला हवा. ‘मूळ वैभव’ उभं करा, सिंहासनाची प्रतिकृती ठेवा, ब्रह्मी धाटणीच्या मूर्ती आणि मनोरे उभारा. मंडालेत हे करून झालंय. तिथला मूळ लाकडी राजवाडा १९४५ मध्ये युद्धात जळाला. लष्करी राजवटीनं १९९० च्या दशकात तो पुन्हा बांधला, काँक्रीट वापरून, वर पत्रे घालून, आणि कैद्यांना वेठीला धरून. लांबून सोनेरी दिसतो. जवळ गेलं की त्यात थिबाचा काळ नसतो, बांधणाऱ्या सरकारचा काळ असतो. रत्नागिरीत तर सिंहासन कधी नव्हतंच. जे नव्हतं त्याची प्रतिकृती ठेवणं याला वारसा म्हणत नाहीत.

माझं म्हणणं कोकणातल्या सगळ्या राजवाड्यांना एकाच काठीनं हाकायचं नाही, हेही सांगून टाकतो. सावंतवाडीचं उदाहरण वेगळं आहे. खेम सावंत तिसरे यांच्या काळात उभा राहिलेला तो वाडा हे राहतं घर होतं आणि आहे. समोर १८७४ चा मोती तलाव. गंजिफाची, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांची, कला मरणपंथाला लागली होती तेव्हा तिथले राजा-राणी शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती या वाड्यात कारागीर बसवून जगवली. आजही तिथे लाखेच्या गोल पानांवर दशावतार रंगवणारे हात बघायला मिळतात. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीनं संस्थानिकांचे तनखे बंद झाले, त्यानंतर एवढ्या मोठ्या घराची कौलं शाकारायची कशी, हा प्रश्न त्या घराण्याचा खराच होता. त्यांनी वाड्याचा एक भाग पाहुण्यांना राहायला दिला तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. उदयपूरच्या महाराणांनी तलावातला महाल १९६३ मध्येच हॉटेल केला होता. तिथे यजमानपण ही त्या वास्तूची जुनीच रीत आहे. मुरुडला समुद्रावर दिसणारा जंजिऱ्याच्या नवाबांचा वाडा तर खासगी मालमत्ता आहे, फाटक बंद असतं, आणि तिथे आपला हक्क रस्त्यावरून बघण्यापुरताच. कुंपणावर चढून चित्रफिती काढणाऱ्यांनी ‘आमचा वारसा’ वगैरे म्हणू नये.

थिबाचा वाडा मात्र सरकारचा आहे, पहिल्या दिवसापासून. तो कुठल्याही राजघराण्याच्या मालकीचा नव्हता, तिथे यजमानपणाची रीत जपायची नाही, कुणाचा पोटाचा प्रश्न त्याच्या खोल्या भाड्यानं देण्यावर अडलेला नाही. म्हणून त्याच्याशी प्रामाणिक वागण्याची मुभा आपल्याला सगळ्यात जास्त आहे. किल्ल्यांना पैसा कमी पडतो हे दुःख मलाही आहे. पण वाड्याचा निधी कापून बुरूज सावरत नाहीत. किल्ल्यांच्या नावानं आलेला पैसा कुठल्या कंत्राटात मुरतो, ते विचारण्याची हिंमत केली तर सावरतील कदाचित.

करायचं काय, तर फार काही नाही. चुना जाणणाऱ्या गवंड्यांकडून भिंतींची आणि छपराची डागडुजी, तीही पावसाआधी, पावसानंतर पंचनामा करून नव्हे. खोल्यांमधून १८८६ ते १९१६ अशा तीस वर्षांची क्रमवार मांडणी, त्यात सरकारी पत्रव्यवहाराच्या आणि अर्जांच्या प्रती, मराठीत नीट उतरवलेल्या. दोन-तीन स्थानिक मुलामुलींना शिकवून तयार केलेले पगारी वाटाडे, ज्यांना टिळकांचं मंडाले आणि टूटूची रत्नागिरी दोन्ही सांगता येईल. इथली कॉलेजं इतिहासाचे पदवीधर दर वर्षी बाहेर काढतात आणि ते पतपेढीत वसुलीला लागतात, त्यांना हे काम करायला आवडणार नाही असं मला वाटत नाही. आणि एकच तिकीट, वाडा आणि शिवाजीनगरातली समाधी अशा दोन्हींचं. आज पाहुणा वाडा बघतो, पॉइंटवर जातो आणि समाधीला वळसा घालून परततो, म्हणजे कैद कुठे संपली हे न बघताच. रिक्षावाल्याला त्यानं एक फेरी जास्त मिळेल, दोन तासांचा मुक्काम आपोआप तीन तासांचा होईल. लॉन, कारंजी आणि रंगीत दिवे यांच्या अंदाजपत्रकात एवढं सगळं बसतं की नाही, ते हा खर्च मांडणाऱ्यांनी आकडे पुढे ठेवून सांगावं.